पास झालेला शिरा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी जन्मात एकही गोष्ट तपासल्याशिवाय पास केली नाही, आणि त्यात मी आले, माझा नवरा आला आणि चौरंगावर बसलेला देवही आला. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात तपासणी खात्यात काढली होती. दुसऱ्यानं बनवलेला भाग हातात घ्यायचा, उलटासुलटा करून बघायचा, मोजायचा आणि मनाजोगता असला तरच पुढे जाऊ द्यायचा, एवढंच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, काम सुटलं नाही; विमानांच्या जागी आडगाव नाक्यापलीकडची आमची बारा बिऱ्हाडांची सोसायटी आली एवढंच. आम्ही तिथं राहायला गेलो त्या दिवशी दारात आलेला पहिला माणूस म्हणजे हे काका. त्यांनी आल्या आल्या बेल वाजवली नाही. आधी बोटाच्या पेरानं दार तीन ठिकाणी ठोकून पाहिलं, मग बेल वाजवली, आणि मी दार उघडून "या" म्हणायच्या आत म्हणाले, "खालची बिजागरी सैल आहे. घर घेताना बघितली नव्हती का?" मागून काकू चहाचा थर्मास घेऊन जिना उतरत होत्या. त्या म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस गं. लग्नात यांनी मंगळसूत्राची कडीसुद्धा ओढून बघितली होती." काकांनी ते नाकारलं नाही. कडी अजून शाबूत आहे, एवढंच त्यांनी शांतपणे नमूद केलं.

काका नारळ घ्यायला गेले की नारळवाल्याचा निम्मा ढीग उपसला जायचा. घरी इडल्या झाल्या की पहिली इडली मधोमध कापून खिडकीच्या उजेडात धरली जायची, आणि तोवर बाकीच्यांनी ताटाशी बसून राहायचं. लग्नाची पत्रिका आली तर मुहूर्त आणि वार जुळतात का हे पंचांगात बघून, न जुळल्यास वधुपित्याला फोन. एकदा दोघं औरंगाबादला निघाले असताना गाडी मनमाडला थांबली. तिथं एक रेल्वेचा माणूस हातोडीनं चाकं ठोकत चालला होता. काकांना राहवेना. ते खाली उतरले आणि त्याच्या मागोमाग कान देऊन चालत निघाले. गाडी सुटली तेव्हा काकू डब्यात होत्या आणि काका प्लॅटफॉर्मवर, त्या हातोडीवाल्याशी बोलत. संध्याकाळच्या गाडीनं ते औरंगाबादला मेहुण्याच्या घरी पोचले, आणि बायकोला पाहून त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तिसऱ्या डब्याच्या मागच्या चाकाचा आवाज बरोबर नव्हता." काकू त्याच डब्यात बसून आल्या होत्या. पुढे दोन दिवस त्यांनी काकांशी बोलणं टाकलं, आणि काकांच्या ते लक्षातच आलं नाही असंही काकूच सांगायच्या.

अशा माणसाची गंमत वाटते, कंटाळाही येतो. मलाही यायचा. पण सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला आमच्या घरावर जी वेळ आली, तिच्यात या माणसाच्या तपासण्याचा मला किती आधार होईल हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा सहा वर्षांची होती. हातापायांच्या काड्या, पोट फुगलेलं, दर आठ-पंधरा दिवसांनी जुलाब, आणि वजन तीन वर्षांपासून जिथल्या तिथं. नाशिकमधले डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली, वणीच्या देवीला बोलून झालं. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी निदान केलं की गव्हात ग्लूटेन म्हणून एक पदार्थ असतो, तो हिच्या आतड्यांना सोसत नाही. पोळी, बिस्किट, पाव, शेवया, रवा, सगळं बंद. चिमूटभरसुद्धा नाही, आणि जन्मभर नाही. आज दुकानात तसे वेगळे पुडे मिळतात म्हणे. तेव्हा हा शब्द आमच्या सोसायटीत कोणी ऐकलेलाच नव्हता. पोळीशिवाय मूल वाढतं का, असं मला प्रत्येकीनं विचारलं. मी हौसेनं पोरीला उपाशी मारतेय असाही काहींचा समज झाला. भाकरी आणि भातावर मुक्ता खरोखरच भरू लागली, तरी लोकांचा विश्वास बसत नव्हता.

त्या वर्षी श्रावणात काकांकडे नेहमीप्रमाणे सत्यनारायण झाला. काकूंच्या हातचा प्रसादाचा शिरा म्हणजे सव्वापट रवा, सव्वापट साखर, सव्वापट तूप आणि वर पिकलेली केळी. खाल्ल्यावर बोटं धुवायला साबण लागायचा. सगळ्यांना प्रसाद देता देता काकूंनी मुक्ताच्या तळहातावरही हरभऱ्याएवढा शिरा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "प्रसादानं काही होत नाही गं." मी बघत होते. मला तिथल्या तिथं तिचा हात धरता आला असता. मी धरला नाही, कारण प्रसादाला नाही कसं म्हणायचं, आणि खरं सांगायचं तर प्रसादानं काही होत नसेल असं मलाही त्या क्षणी वाटलं. मुक्ता आठ दिवस आजारी होती. जमवलेलं सगळं वजन गेलं. काकू रोज खाली येऊन तिच्या उशाशी रडत. काका रडले नाहीत. ते दाराशी उभे राहून एवढंच म्हणाले, "आमच्या घरातून खराब माल बाहेर गेला." हे वाक्य त्यांनी कोणत्या लाजेनं उच्चारलं ते मी बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांची गंमत वाटली नाही.

त्यानंतर कुठंही लोक प्रसाद वाटायला लागले की मुक्ता दोन्ही हात पाठीमागे बांधायची. गणपतीत, नवरात्रात, कुणाच्या बारशाला. कुणी काही पुढे केलं की आधी विचारायची, "यात गहू आहे का?" मोठी माणसं नाही म्हणाली तरी तिचे हात पुढे येत नसत. वरच्या काकांकडे तर तिनं जाणंच सोडलं. तिथं रोज संध्याकाळी काकांशी पत्ते खेळणारी पोर ती. आता अभ्यास आहे म्हणून सांगायची. काकांनी ते मनाला लावून घेतलं. पुढच्या श्रावणात ही पोर आपल्या घरी येईल, हात पुढे करेल आणि आपला प्रसाद खाईल, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि कामाला लागले.

काम म्हणजे गव्हाशिवायचा शिरा. काका आयुष्यात कधी ओट्याशी गेले नव्हते, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही, कारण त्यांनी विमानही कधी स्वतः बनवलं नव्हतं. काकूंनी सुचवलं की तांदळाचा रवा घ्या आणि बाकी प्रमाण आहे तेच ठेवा. पण नवीन काही करायचंच तर त्यात सुधारणा हवी, असं काकांचं मत पडलं. त्याच सुमाराला डॉक्टरांनी त्यांना तूप कमी करायला सांगितलं होतं. त्यामुळे हा शिरा बिनगव्हाचा आणि शिवाय हलका होणार असं त्यांनी जाहीर केलं. विमानात पहिली गोष्ट काय करतात, तर वजन कमी करतात; तूप निम्म्यावर आणायचं आणि मऊपणाची जबाबदारी केळ्यावर टाकायची. काकू म्हणाल्या, "देवाला कोलेस्टेरॉल नाही." त्यावरून घरात आठवडाभर धुसफूस होती. सव्वाचं माप देवाचं आहे, त्यात काटछाट करणारे तुम्ही कोण, हा काकूंचा मुद्दा, आणि माप कुठलंही असो, ते तपासून घ्यायला हरकत काय, हा काकांचा.

मग सुरू झाले प्रयोग. तांदूळ दळायला काका स्वतः गिरणीत गेले, तेही सकाळी गिरणी उघडायच्या आधी, कारण जात्यात आदल्या दिवशीचा गहू असणार. बॅटरी घेऊन त्यांनी जात्याच्या आत बघितलं. पाळं उघडून पुसायला लावलं, पहिला दोन किलो तांदूळ नुसता जातं धुवायला म्हणून दळून गाईला घालायला सांगितला आणि मग आपला डबा पुढे केला. गिरणीवाला मखमलाबादकडचा शेतकरी गडी. तो म्हणाला, "साहेब, तांदूळच दळायचाय ना? इमान तर उडवायचं नाय?" काका म्हणाले, विमान पडलं तर चौकशी बसते, पोर आजारी पडली तर कोण चौकशी करतं. गिरणीवाल्यानं मान डोलावली आणि त्या दिवसापासून महिन्यातून एकदा आमचे तांदूळ गव्हाआधी दळून द्यायला लागला.

पहिला शिरा इतका घट्ट झाला की तो सुरीनं कापावा लागला. दुसऱ्याची खळ झाली. तिसऱ्यात तांदळाचा कण दाताखाली कचकच लागत होता, चौथ्यात केळी काळी पडली. प्रत्येक प्रयोगाला वहीत नंबर असे, तारीख असे, आणि त्याची एक वाटी झाकून आमच्याकडे येई. सोबत कागद, शेरा लिहायला. माझ्या नवऱ्यानं एकदा शिरा न खाताच "चांगला" असं लिहून दिलं. काकांनी कागद परत पाठवला. चांगला हा शेरा होत नाही. कण शिजलाय का, गोडी केळ्याची लागते की साखरेची, घास गिळताना घशाशी अडकतो का, असे प्रश्न खाली लिहिलेले होते. त्या वर्षी आम्ही जेवण कमी आणि शिरा जास्त खाल्ला. मुक्ता मात्र वाटीला हात लावत नसे. काका तिला आग्रहही करत नसत.

हळूहळू जमत गेलं. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, जाडसर काढायचे आणि रव्यापेक्षा मंद आचेवर दुप्पट वेळ भाजायचे. दूध आणि पाणी निम्मं निम्मं, आणि तेही उकळतं. केळी सालीवर काळे ठिपके आलेलीच, म्हणजे साखर आपोआप कमी लागते. ती कुस्करून शेवटी घालायची, आधी नाही. केळेवाल्याच्या गाडीवरची प्रत्येक फणी काका कानाशी धरत नसत एवढंच, बाकी सगळं करत. अकराव्या प्रयोगाला तूप निम्मंच होतं, तरी शिरा मोकळा, मऊ आणि केळ्याच्या वासानं घमघमणारा झाला. काकूंनी चमचाभर तोंडात घातला, आणखी एक चमचा घेतला आणि मग म्हणाल्या की बरा आहे. काकांनी वहीत "पास" लिहिलं आणि खाली सही केली.

श्रावणातला रविवार उजाडला. पूजा सकाळची होती. काकूंचं मोठं पातेलं नेहमीच्या रव्याच्या शिऱ्याचं, आणि काकांचं छोटं पातेलं तांदळाच्या शिऱ्याचं. ते त्यांनी आमच्या गॅसवर, आमच्या कढईत करून झाकून वर नेलं. छोट्या पातेल्याला हिरवा दोरा, त्याचा डाव वेगळा, त्याला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम. मुक्ताला मी हाताला धरून नेलं. तिनं यायचं कबूल केलं होतं, खाण्याचं नाही. कथा झाली, आरती झाली. तीसएक माणसं दाटीवाटीनं उभी होती.

आमच्याकडे नैवेद्याची वाटी देवापुढून उचलली की तिच्यातला शिरा पातेल्यात मिसळतात. त्याशिवाय पातेल्यातल्याला प्रसाद म्हणत नाहीत, तो नुसता शिरा राहतो. काका चाळीस वर्षं हे करत आले होते. देवापुढे त्यांची चांदीची वाटी होती, तुळशीचं पान ठेवलेली. त्यांनी ती कपाळाला लावली, अर्धी मोठ्या पातेल्यात रिकामी केली, अर्धी छोट्या पातेल्यात, डोळे मिटून नमस्कार केला आणि छोट्या पातेल्याचा डाव हातात घेऊन मुक्ताला म्हणाले, "ये. पहिला मान तुझा."

मुक्ता पुढे आली. तिनं एक हात पुढे केला, वर्षभरात पहिल्यांदा. माझा जीव भांड्यात पडला. पण तिचं लक्ष डावाकडे नव्हतं, चांदीच्या वाटीकडे होतं. ती हळूच म्हणाली, "काका, त्या वाटीतलं कुठलं होतं?"

काकांनी वाटीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. गिरणीचं जातं तपासलं होतं, कढई तपासली होती, दूध, केळी, डाव, सगळं तपासलं होतं. देवापुढची वाटी तपासायची असते हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. "गव्हाचं," ते म्हणाले. मुक्तानं हात पाठीमागे नेला.

गुरुजी चांगले होते, समजुतीच्या सुरात म्हणाले की एवढ्याशानं काय होतंय, शेवटी प्रसाद आहे. काका म्हणाले, "गुरुजी, गेल्या वर्षी झालं." मग सगळ्यांसमोर, एका सहा-सात वर्षांच्या मुलीला त्यांनी सांगितलं, "चूक माझी आहे. हे बाद." त्यांनी हिरवा दोरा सोडला. एवढ्या वर्षांत मी त्यांना चुकलेलं पाहिलं नव्हतं, आणि चुकल्यावर हा माणूस किती म्हातारा दिसतो हेही मला माहीत नव्हतं. मला भडभडून आलं. जाऊ द्या काका, असं मी म्हणणार होते, पण काका मुक्ताजवळ वाकून बोलत होते. "मी पुन्हा करतो. पण आता मी नाही तपासणार. तू तपासायचं. तू पास केल्याशिवाय कोणी खाणार नाही."

दोघं खाली आमच्या स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले, पण मला ओट्याशी जागा नव्हती. तांदळाचा रवा संपला होता. काकांनी डब्यातले कोरडे तांदूळ भाजले आणि मिक्सरमधून जाडसर काढले. स्टुलावर उभी राहून मुक्ता एकेक विचारत होती. या कढईत आधी काय केलं होतं, मिक्सरमध्ये कधी कणीक गेली होती का, तुम्ही हात धुतले का. काकांनी हात पुन्हा धुतले आणि तिला दाखवले. माप घ्यायला वाटी शोधत बसले नाहीत, वही तर वरच राहिली होती. उपाशीपोटी, घामानं भिजलेल्या सोवळ्यात, काकांनी आयुष्यातली पहिली आणि शेवटची गोष्ट अंदाजानं केली. शिरा जरा सैल झाला. मुक्तानं कढईत वाकून पाहिलं आणि पास म्हणून मान डोलावली.

वर कोणी प्रसाद घेतला नव्हता. गुरुजींना पुढच्या पूजेला जायचं होतं, पण यजमान उपाशी असताना मी कसा उठू म्हणून तेही बसून राहिले होते. माझ्या मनात आलं, नैवेद्य तर दाखवून झालाय. आता हा नुसता शिराच राहणार. तेवढ्यात ज्या काकूंनी वर्षभर या शिऱ्याला नाकं मुरडली, त्या चांदीची वाटी घासून, पुसून, मुक्ताला आतून-बाहेरून दाखवून आल्या. "देव अजून चौरंगावरच आहेत," त्या काकांना म्हणाल्या, "उत्तरपूजा उद्या आहे. दाखवा पुन्हा नैवेद्य." दुसऱ्यांदा पाणी फिरलं, दुसऱ्यांदा तुळशीचं पान ठेवलं. मुक्तानं दोन्ही हात पुढे केले आणि तिथंच उभी राहून, तीस माणसांच्या देखत, तळहातावरचा सगळा शिरा खाल्ला. मग म्हणाली, "अजून." काका देवाकडे तोंड करून बराच वेळ नमस्कार करत राहिले, त्यामुळे त्यांचा चेहरा कोणाला दिसला नाही.

पुढच्या वर्षी काकूंनीच फर्मान काढलं की दोन पातेली नकोत, एकच करायचं, तांदळाचं. कोणी म्हणालं शिरा हलका लागतो, कोणी म्हणालं तुपाचा हात आखडलाय. काका प्रत्येकाचा शेरा वहीत लिहून घेत. मुक्ता ओळीत सगळ्यांबरोबर उभी राहायची, कुणालाही काही न विचारता. इतर घरांत ती विचारायची, अजूनही विचारते. वरच्या घरात नाही.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात काका गेले. ओझरच्या कारखान्यातली जुनी माणसं आली होती. पुढच्या श्रावणात काकूंनी पूजा करायची ठरवली, पुण्याहून मुलगा आणि नवी सून आली. मुक्ता तोवर शिकायला बाहेरगावी गेली होती. मी सकाळी मदतीला वर गेले तेव्हा काकू मंद आचेवर तांदळाचा रवा भाजत होत्या, आणि त्यांचे हात दुखतात हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "काकू, मुक्ता तर नाहीये. आज साधाच करायचा, लवकर होतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सून शेजारी कागद-पेन घेऊन उभी होती, सासरच्या रीती लिहून घेत होती. तिनं विचारलं, प्रसादाला गव्हाचा रवा नसतो का आपल्याकडे?

"गहू?" काकू डाव न थांबवता म्हणाल्या, "आमच्यात चालत नाही."

सुनेनं ते लिहून घेतलं. माझे डोळे भरून आले होते आणि हात केळ्यांनी चिकट झाले होते, म्हणून तशीच खाली मान घालून केळी सोलत राहिले.